प्रक्रियकांच्या बाजारातील चढाओढ

ज्या वस्तूला बाजारात चांगली किंमत येते ती कोणी फुकट देऊ केली, तर व्यापारी ती नाकारणार नाही, असाच सर्वसाधारण समज असतो. या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र याच्या उलट घडले. संगणकाचे प्रक्रियक, म्हणजे ज्यांना बाजारात प्रोसेसर म्हणतात ते, तयार करणाऱ्या ए.एम.डी. या अमेरिकन कंपनीने संगणक बनविणाऱ्या एका मोठ्या कारखानदाराला आपले दहा लाख प्रक्रियक विनामूल्य देऊ केले. प्रक्रियक हा संगणकाच्या सर्वांत महाग भागांपैकी एक होय. तरीही त्या कारखानदाराने केवळ १ लाख ६० हजार प्रक्रियक स्वीकारले आणि बाकीचे नाकारले. ही हकीकत युरोपीय आयोगाने २००९ साली इंटेल या कंपनीविरुद्ध निर्णय जाहीर करताना सांगितली. कारखानदाराचा हिशेब चुकला होता असे नाही. त्याने तो अगदी बरोबर केला होता. तो कसा, हे समजण्यासाठी प्रथम प्रक्रियक म्हणजे काय आणि एका जातीचे प्रक्रियक मुख्यतः दोनच कंपन्या का बनवितात, हे पाहिले पाहिजे.

प्रक्रियक हा सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर कोरलेला असंख्य विद्युत् कळांचा समूह असतो. १९७१ साली इंटेलने विक्रीस आणलेल्या ४००४ या आरंभीच्या सूक्ष्मप्रक्रियकात अशा सुमारे २,३०० कळा, म्हणजे ट्रान्झिस्टर, होत्या. आज त्यांची संख्या अब्जांच्या घरात गेली आहे. परंतु संख्या कितीही वाढली तरी प्रक्रियकाचे मूळ काम साधेच आहे. स्मृतीतील अमुक ठिकाणचा अंक उचलावा, तो दुसऱ्या अंकात मिळवावा, उत्तर शून्य आले तर आज्ञावलीतील तमुक ठिकाणी जावे, अशा प्रकारच्या ठरावीक आज्ञा तो क्रमाने पाळीत जातो. प्रत्येक आज्ञेला एक सांकेतिक अंक दिलेला असतो. या सर्व आज्ञा मिळून त्या प्रक्रियकाचा ‘आज्ञासंच’ होतो.

येथेच या धंद्याचे मर्म आहे. एका आज्ञासंचासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्या आज्ञासंचाच्या प्रक्रियकावर चालत नाही, कारण त्याच्या लेखी त्याच अंकांचा अर्थ निराळा असतो. आपल्याकडे रेल्वेचे रूळ काही प्रदेशांत मीटरगेज तर काही प्रदेशांत ब्रॉडगेज होते, तेव्हा दोन्ही मार्ग मिळत त्या स्थानकावर सारा माल एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. वाघीण कितीही मजबूत असो, रुळांची रुंदी निराळी असली की ती पुढे जात नसे. आज्ञासंच हा संगणकाच्या जगातील रुळांच्या रुंदीसारखा आहे. ज्या रुंदीचे रूळ देशभर पसरले, तिच्याच वाघिणी खपणार. आणि त्या रुंदीची वाघीण बनविण्याचा हक्क एकाच कारखान्याकडे असला, तर साऱ्या वाहतुकीवर त्याचेच नियंत्रण राहणार.

इंटेलची स्थापना १९६८ साली रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी केली. पुढच्याच वर्षी जेरी सँडर्स आणि त्यांचे सात सहकारी यांनी अ‍ॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस, म्हणजेच ए.एम.डी., ही कंपनी काढली. दोन्ही मंडळी कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड या एकाच कंपनीतून बाहेर पडली होती, तेव्हा हा वाद एका अर्थी भाऊबंदकीचाच म्हणावा लागेल. आरंभी संबंध कडवट नव्हते. ए.एम.डी.ने इंटेलच्या ८०८० या प्रक्रियकाचा बारकाईने अभ्यास करून तसाच प्रक्रियक तयार केला; पुढे १९७६ साली दोघांत एकमेकांची पेटंटे वापरू देण्याचा करार झाला.

खरी कलाटणी १९८१ साली मिळाली. आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीने आपल्या पहिल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा ८०८८ हा प्रक्रियक निवडला. महत्त्वाच्या भागासाठी एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे आय.बी.एम.ला मान्य नव्हते. तोच भाग बनविणारा दुसरा कारखाना असावा असा तिचा आग्रह होता. हे दुसरेपण ए.एम.डी.कडे आले, आणि १९८२ साली इंटेल व ए.एम.डी. यांच्यात तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार झाला. आय.बी.एम.च्या संगणकाची नक्कल जगभर होऊ लागली, त्याच्यासाठी आज्ञावलींचे डोंगर रचले गेले, आणि १९७८ साली ८०८६ या प्रक्रियकासाठी आखलेला आज्ञासंच साऱ्या जगाचा रूळ होऊन बसला.

रूळ पसरल्यावर दुसऱ्या कारखान्याची गरज इंटेलला वाटेनाशी झाली. १९८५ साली ३८६ हा पुढचा प्रक्रियक निघाला, तेव्हा त्याचे तंत्र ए.एम.डी.ला देण्याचे इंटेलने नाकारले. ए.एम.डी.ने १९८७ साली लवादाकडे धाव घेतली. निकालाची वाट पाहत बसण्याऐवजी तिने ३८६शी जुळणारा स्वतःचा प्रक्रियक सिद्ध केला व १९९१ साली तो बाजारात आणला. १९९२ साली लवादाने ए.एम.डी.ला १ कोटी डॉलर व त्यावरील व्याज, तसेच हा प्रक्रियक कायम बनविण्याचा हक्क दिला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या अखेरीस तो निवाडा उचलून धरला. याच काळात ‘३८६’ या अंकावर आपलाच व्यापारी हक्क आहे हे इंटेलचे म्हणणेही न्यायालयाने १९९१ साली अमान्य केले. अंकाची मालकी मिळत नाही असे दिसताच इंटेलने पाचव्या पिढीच्या प्रक्रियकाला ५८६ न म्हणता १९९३ साली ‘पेंटियम’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘पेंते’ म्हणजे पाच. संगणकाच्या खोक्यावरील ते परिचित नाव असे न्यायालयातील पराभवातून जन्मले.

येथपर्यंत ए.एम.डी. ही मागून चालणारी कंपनी होती. १९९९ साली तिने अ‍ॅथलॉन हा प्रक्रियक आणला आणि चित्र पालटले. सेकंदाला एक अब्ज स्पंदनांचा, म्हणजे एक गिगाहर्ट्झचा, पल्ला मार्च २००० मध्ये ए.एम.डी.ने इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. त्याहूनही मोठी गोष्ट २००३ साली घडली. तोवरचे बहुतेक वैयक्तिक संगणक ३२ अंकस्थानांच्या द्विमान संख्यांवर काम करीत. त्यामुळे एका वेळी हाताळता येणाऱ्या स्मृतीला मर्यादा पडे. ६४ अंकस्थानांकडे जाण्यासाठी इंटेलने इटेनियम नावाचा सर्वस्वी नवा आज्ञासंच पुढे केला होता. ए.एम.डी.ने उलट मार्ग धरला. तिने जुनाच आज्ञासंच ६४ स्थानांपर्यंत वाढविला, त्यामुळे जुन्या आज्ञावली जशाच्या तशा चालू राहिल्या. ग्राहकांनी कौल दिला तो या दुसऱ्या मार्गाला, आणि २००४ साली इंटेललाही ए.एम.डी.ने आखलेला हा विस्तार आपल्या प्रक्रियकांत घ्यावा लागला.

तंत्रात पुढे गेलेल्या कंपनीचा खप त्या प्रमाणात वाढावा अशी अपेक्षा असते. परंतु युरोपीय आयोगाच्या निष्कर्षानुसार ऑक्टोबर २००२ ते डिसेंबर २००७ या काळात या जातीच्या प्रक्रियकांच्या जागतिक बाजारपेठेपैकी निदान ७० टक्के हिस्सा इंटेलकडेच राहिला. ए.एम.डी.चे म्हणणे असे की, हा हिस्सा गुणवत्तेने नव्हे, तर अटी घातलेल्या सवलतींनी राखला गेला.

ही सवलत कशी काम करते हे एका काल्पनिक हिशेबावरून स्पष्ट होईल. समजा, एका कारखानदाराला वर्षाला १०० प्रक्रियक लागतात आणि मोठी कंपनी एक प्रक्रियक १०० रुपयांस देते. तिने अशी अट घातली की, सर्व १०० प्रक्रियक आपल्याकडूनच घेतल्यास साऱ्या मालावर दहा टक्के सूट मिळेल. मग कारखानदाराला एकूण ९,००० रुपये पडतील. आता लहान कंपनी त्यांतील २० प्रक्रियक पुरवू इच्छिते. कारखानदाराने होकार दिला, तर उरलेल्या ८० प्रक्रियकांवरची सूट बुडते आणि त्यांचेच ८,००० रुपये होतात. एकूण खर्च ९,००० च्या आत राहावयाचा, तर लहान कंपनीचे २० प्रक्रियक त्याला १,००० रुपयांत, म्हणजे प्रत्येकी ५० रुपयांस मिळाले पाहिजेत. मोठ्या कंपनीने दहा टक्के सूट दिली, पण तिला तोंड देण्यासाठी लहान कंपनीला पन्नास टक्के द्यावी लागली. दोघींचाही उत्पादनखर्च ६० रुपये असेल, तर लहान कंपनी तितकीच कुशल असूनही प्रत्येक नगामागे १० रुपये गमावील.

हिशेब आणखी पुढे नेला तर सुरुवातीचे कोडे सुटते. लहान कंपनीला १०० पैकी केवळ १० प्रक्रियक विकावयाचे असतील, तर उरलेल्या ९० प्रक्रियकांचे पूर्ण दराने ९,००० रुपये होतात. म्हणजे तिचे दहा प्रक्रियक फुकट असले तरच कारखानदाराची तोंडमिळवणी होते. आणि पाचच विकावयाचे असतील, तर ९५ प्रक्रियकांचे ९,५०० रुपये होऊन फुकट मालही त्याला महागच पडतो. दहा लाख प्रक्रियक ही संख्या मोठी दिसते. परंतु तो कारखानदार त्याखेरीज आणखी कित्येक दशलक्ष प्रक्रियक इंटेलकडून घेत होता, आणि त्या सर्वांवरील सूट पणाला लागली होती.

यावर सहज सुचणारा उपाय असा की, कारखानदाराने सर्वच १०० प्रक्रियक लहान कंपनीकडून घ्यावेत. ते शक्य नव्हते. ग्राहकांची अमुक एक मागणी इंटेलच्याच नावाला बांधलेली होती; शिवाय ए.एम.डी.कडे तेवढे उत्पादन करण्याची शक्ती नव्हती. मागणीचा एक भाग असा मोठ्या कंपनीला हमखास मिळणारच असतो. त्या हमखास भागाचे वजन उरलेल्या, झगडता येण्याजोग्या भागावर टाकणे, हे या सवलतीचे खरे स्वरूप होय. नुसत्या ‘स्वस्त माल’ या शब्दांनी ते झाकले जाते.

पहिला सरकारी निष्कर्ष जपानमधून आला. मार्च २००५ मध्ये तेथील न्याय्य व्यापार आयोगाने असे ठरविले की, संगणक बनविणाऱ्या पाच जपानी कंपन्यांना इंटेलने आपले प्रक्रियक शंभर टक्के किंवा नव्वद टक्के वापरण्याच्या अथवा ठरावीक मालिकांतून प्रतिस्पर्ध्यांना वगळण्याच्या अटीवर पैसे दिले. इंटेलने दोष मान्य न करता आयोगाच्या शिफारशी स्वीकारल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ए.एम.डी.ने अमेरिकेतील डेलावेअर येथील संघ-न्यायालयात दावा दाखल केला. २००८ साली दक्षिण कोरियाच्या आयोगाने सुमारे २,६०० कोटी वॉन दंड केला. मे २००९ मध्ये युरोपीय आयोगाने १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. स्पर्धाविषयक कायद्याखाली एका कंपनीवर आयोगाने तोवर बसविलेला तो सर्वांत मोठा दंड होता.

आयोगाच्या निर्णयातील दोन प्रकारच्या आरोपांत फरक करणे अवश्य आहे. पहिला प्रकार वर सांगितलेल्या सशर्त सवलतींचा. व्यावसायिक उपयोगाच्या मेजसंगणकांचे निदान ९५ टक्के प्रक्रियक इंटेलचे असावेत, अशी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीवरील अट हे त्याचे एक उदाहरण. दुसऱ्या प्रकारात सवलतीचा आडपडदाही नव्हता. ए.एम.डी.चे प्रक्रियक असलेला आपला पहिला व्यावसायिक मेजसंगणक युरोपात सहा महिने उशिरा आणावा, तो केवळ लहान व मध्यम उद्योगांना विकावा, आणि वितरकांमार्फत न विकता थेट विकावा, यासाठी त्याच कंपनीला पैसे दिले गेले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. एसर आणि लेनोवो यांनाही काही सुटसुटीत संगणकांचे, म्हणजे लॅपटॉपचे, आगमन लांबविण्यासाठी पैसे मिळाले, असे आयोगाने म्हटले.

डेल कंपनीची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिने २००६ पर्यंत ए.एम.डी.चा एकही प्रक्रियक वापरला नव्हता. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने २०१० साली केलेल्या तक्रारीनुसार, इंटेलकडून एकनिष्ठतेपोटी मिळणाऱ्या रकमा २००६ या आर्थिक वर्षात डेलच्या व्यवसायातील नफ्याच्या ३८ टक्के होत्या आणि २००७ या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत ७६ टक्क्यांवर गेल्या. गुंतवणूकदारांना याची कल्पना दिली नाही, या आरोपावर डेलने दोष मान्य वा अमान्य न करता १० कोटी डॉलर भरून तडजोड केली.

एक तक्रार मात्र पैशांविषयी नव्हती, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ती विशेष उद्बोधक वाटेल. मनुष्याने लिहिलेल्या आज्ञावलीचे प्रक्रियकाच्या अंकांत रूपांतर करणाऱ्या साधनाला संकलक, म्हणजे कम्पायलर, म्हणतात. इंटेल स्वतःचा संकलक विकत असे. त्याने तयार केलेली आज्ञावली सुरू होताना प्रक्रियकाला त्याच्या उत्पादकाचे नाव विचारी. हे नाव बारा अक्षरांच्या रोमन शब्दाने दर्शविले जाते: इंटेलचा प्रक्रियक ‘जेन्युइनइंटेल’ असे उत्तर देतो, ए.एम.डी.चा ‘ऑथेंटिकएएमडी’ असे. पहिले उत्तर आले तर आज्ञावली वेगवान मार्गाने जाई. दुसरे आले तर, त्या प्रक्रियकात वेगवान आज्ञा पाळण्याची शक्ती असूनही, पुष्कळदा संथ मार्गाने. विद्यार्थ्याला प्रश्न न घालता आडनाव विचारून गुण देण्यासारखाच हा प्रकार झाला. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २००९ मध्ये केलेल्या तक्रारीत या मुद्द्याचा समावेश होता. ऑगस्ट २०१० च्या तडजोडीत, आपला संकलक इतरांच्या प्रक्रियकांना समान न्याय देईलच असे नाही, हे ग्राहकांना स्पष्ट सांगण्याचे बंधन इंटेलवर आले.

इंटेलची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. मोठी खरेदी करणाऱ्यास सूट देणे ही सर्व व्यापारांतील जुनी रीत आहे, तिच्यामुळे संगणक स्वस्त झाले, ए.एम.डी. मागे पडली ती स्वतःच्या अपुऱ्या उत्पादनामुळे, असे तिचे म्हणणे होते. त्यात तथ्याचा अंश आहे. २००६ साली इंटेलने आणलेल्या ‘कोअर’ मालिकेने तंत्रातील आघाडी परत मिळविली, आणि ए.एम.डी.च्या पुढील काही प्रक्रियकांनी निराशा केली. परंतु कमी विक्री झाली म्हणून कारखाने वाढविता आले नाहीत, की कारखाने कमी म्हणून विक्री कमी झाली, हा प्रश्न उरतोच. सेमीकंडक्टरचा कारखाना उभारण्यास अब्जावधी डॉलर लागतात. उत्तम माल असतानाच्या तीन-चार वर्षांत मिळकत झाली नाही, तर पुढच्या कारखान्याला भांडवल येत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने ए.एम.डी.ला १२५ कोटी डॉलर देऊन परस्परांतील सर्व दावे मिटविले. पण त्याच वर्षी मार्चमध्ये ए.एम.डी.ने आपले कारखाने वेगळे काढून दुसऱ्या कंपनीकडे सोपविले होते.

युरोपातील खटला मात्र मिटला नाही. २०१४ साली लक्झेंबर्ग येथील सामान्य न्यायालयाने दंड कायम केला. २०१७ साली त्यावरील वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविले. सवलतीमुळे तितकाच कुशल प्रतिस्पर्धी खरोखर बाहेर ढकलला जाऊ शकला असता काय, याविषयी इंटेलने घेतलेले आक्षेप तपासले गेले पाहिजेत, असे त्याने म्हटले. म्हणजे वाद पुन्हा वरच्या हिशेबापाशी येऊन ठेपला. त्या उदाहरणात झगडता येण्याजोगे प्रक्रियक २० ऐवजी ४० धरले, तर उरलेल्या ६० प्रक्रियकांचे ६,००० रुपये होतात. लहान कंपनीला ४० प्रक्रियकांसाठी ३,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी ७५ रुपये मिळतात. आणि ६० रुपये खर्च असता ती नफ्यात राहते. एका गृहीत संख्येच्या फरकाने तीच सवलत घातक ठरते किंवा निर्दोष. २०२२ साली सामान्य न्यायालयाने आयोगाचे हे विश्लेषण अपुरे ठरवून १०६ कोटींचा दंड रद्द केला. माल लांबविण्यासाठी दिलेल्या उघड पैशांचा दोष मात्र त्याने पुसला नाही. तेवढ्यापुरता सुमारे ३७ कोटी ६० लाख युरोंचा नवा दंड आयोगाने २०२३ साली बसविला.

भारतातही असा प्रश्न उपस्थित झाला होता. २००२ च्या स्पर्धा अधिनियमाचे चौथे कलम प्रबळ असण्याला मनाई करीत नाही; प्राबल्याच्या गैरवापराला करते. हे कलम मे २००९ पासून अमलात आले. त्याखाली एका वितरक कंपनीने इंटेलविरुद्ध केलेल्या तक्रारीत भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली इंटेलचे प्राबल्य मान्य केले, परंतु गैरवापर सिद्ध झाला नाही म्हणून तक्रार निकालात काढली.

ए.एम.डी.ला पुन्हा उभे राहण्यास बराच काळ लागला. २०१७ साली रायझन या मालिकेने ती स्पर्धेत परतली, ती इतरांच्या कारखान्यांत प्रक्रियक बनवून घेऊन. दरम्यान दोन्ही कंपन्यांपुढे तिसराच प्रतिस्पर्धी उभा राहिला होता: मोबाइल दूरध्वनींतून वाढलेला आणि आता मोठ्या संगणकांतही शिरलेला आर्म हा निराळा आज्ञासंच. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी इंटेल आणि ए.एम.डी. यांनी आपल्या सामाईक आज्ञासंचाचे भवितव्य एकत्र ठरविण्यासाठी एक सल्लागार मंडळ स्थापन केल्याचे जाहीर केले. त्यानंतर नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, लक्झेंबर्गच्या वरिष्ठ न्यायालयाने युरोपीय आयोगाचे अपील फेटाळले, आणि २००९ चा तो मोठा दंड रद्द झाला तो कायमचा.